धीर आणि सोशिकपणा : 'स्मृतिचित्रे'तील श्रद्धेचे वाचन

मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांची यादी कोणीही करू लागला, तरी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला वगळून त्याला पुढे जाता येत नाही. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे, आणि ते सार्थही आहे. मात्र या कौतुकाची वाट एव्हाना इतकी मळली आहे, की तिच्यावरून जाणाऱ्याला पाय कोठे टाकावा याचा विचारही करावा लागत नाही. निर्व्याज विनोद, प्रांजळ कथन, घरगुती बोलीचा गोडवा, विक्षिप्त पतीचे हृद्य चित्र, तत्कालीन स्त्रीजीवनाचे दर्शन : एवढे पाच मुद्दे मांडले, की उत्तरपत्रिका पूर्ण होते. अध्यापनात आम्हीही कैक वर्षे याच पाच मुद्द्यांवर निभावून नेले, हे प्रथमच कबूल करतो.

या पाच मुद्द्यांत एक गोष्ट कोठेच बसत नाही. ती म्हणजे लक्ष्मीबाईंची श्रद्धा. 'पुढे त्यांनीही ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला' या एका वाक्यात आपण ती उरकतो, जणू तो पत्ता बदलण्यासारखा एक तपशील आहे. नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराने संसारात जे वादळ उठले ते आपण रस घेऊन वाचतो, कारण त्यात नाट्य आहे. परंतु त्या वादळानंतर या बाईच्या अंतःकरणात सावकाश काय घडत गेले, देवावर भिस्त टाकून वाट पाहायला त्या कशा शिकल्या, हे वाचण्याची आपल्याला सवय नाही. आमचे म्हणणे असे, की 'स्मृतिचित्रे'तील विनोद आणि 'स्मृतिचित्रे'तील श्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जिला आपण विनोद म्हणून नावाजतो, ती या बाईच्या धीराचीच बोलण्याची रीत आहे. श्रद्धा वगळून विनोद वाचला, की हाती केवळ गमती उरतात.

ख्रिस्ती श्रद्धा वाचकाने स्वीकारावी असा आमचा आग्रह नाही. तुकारामांचा अभंग समजून घेण्यासाठी वारकरी व्हावे लागत नाही. पण विठ्ठलाला बाजूला सारून तो अभंग समजतो असे कोणी म्हणाल्यास आपण त्याला हसू. मग तोच न्याय लक्ष्मीबाईंना का मिळू नये?

आधी शब्दांचा विचार करू. ज्या गुणाविषयी आम्ही बोलत आहोत त्याला मराठीत निदान चार-पाच नावे आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे. 'संयम' हा शास्त्यांचा शब्द. तो स्वतःवर चालवायचा असतो. 'सबुरी' अरबीतून आली आणि या मातीत रुळली. श्रद्धेच्या जोडीने तिला शिर्डीने घरोघरी पोहोचवले. 'सोशिकपणा' सोसण्यातून आला आहे. आणि 'धीर' या शब्दाची गंमत अशी, की तो मराठीत एखाद्या वस्तूसारखा वागतो. धीर धरावा लागतो, तो सुटतो, खचतो, एकवटावा लागतो. आणि मुख्य म्हणजे तो दुसऱ्याला देता येतो. संयम कोणी कोणाला देत नाही. धीर देतात, आणि तो देणारा कोणीतरी असावा लागतो. विश्वास आणि धीर यांचे नाते मराठी भाषेला असे आधीपासूनच ठाऊक आहे.

'नव्या करारा'च्या मूळ ग्रीक भाषेतही या अर्थाचे दोन वेगळे शब्द येतात. एक 'हुपोमोने'. त्याची फोड केली तर 'खाली' आणि 'राहणे' असे दोन अवयव निघतात. म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे. दुसरा 'माक्रोथुमिया', म्हणजे ज्याचा राग लांब पल्ल्याचा आहे, ज्याला संतापायला वेळ लागतो, त्याचा गुण. पहिला गुण प्रसंगाच्या संदर्भात लागतो, दुसरा माणसांच्या. दुष्काळ, दारिद्र्य, आजार यांच्यापुढे हुपोमोने हवी. शेजारी, सासू, नवरा, सहकारी यांच्यापुढे माक्रोथुमिया. यांतला दुसरा शब्द ईश्वराविषयीही वापरला गेला आहे. माणसाने देवाची वाट पाहण्यापूर्वी देवच माणसाची वाट पाहत असतो, हा त्याचा भावार्थ. ही कल्पना पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आता टिळक दांपत्याकडे वळू. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात टिळकांची आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. त्याने त्यांच्या हाती 'नवा करार' दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले आणि तेथून परतलेच नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीला त्यांनी विश्वासात घेतले नव्हते. सत्याची ओढ लागलेल्या माणसाने जवळच्या माणसाशी कसे वागावे, याचा हा आदर्श नव्हे. आणि लक्ष्मीबाईंनीही तो आदर्श म्हणून रंगवलेला नाही.

त्यानंतरची ताटातूट हा या ग्रंथाचा गाभा आहे असे आम्हांस वाटते. ज्या घरात लक्ष्मीबाई वाढल्या तेथे वडिलांचे सोवळे इतके कडक होते, की मीठसुद्धा धुऊन घेतले जाई. त्या घरच्या मुलीचा नवरा एके दिवशी ख्रिस्ती झाला. समाजाच्या हिशेबी ती सधवा राहिली नाही आणि विधवाही झाली नाही. लहानग्या दत्तूला घेऊन, बहिणीच्या आश्रयाने त्यांनी या काळातील बरेच दिवस पंढरपुरास काढले. या दिवसांत त्या काय करत होत्या? वाट पाहत होत्या. कशाची, ते त्यांनाही नीटसे सांगता आले नसते. नवरा परत येईल, प्रायश्चित्त घेईल, निदान काहीतरी उलगडेल, अशी ती वाट होती.

हे पंढरपुरात घडावे, यात आम्हांस काही सुचते. आम्ही ते लक्ष्मीबाईंच्या तोंडी घालत नाही. हे आमचे वाचन आहे. पंढरपूर हे वाट पाहणाऱ्या देवाचे गाव. पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर कर कटेवर ठेवून अठ्ठावीस युगे उभा असलेला देव मराठी माणसाला परका नाही. भक्त आईबापांच्या सेवेत गुंतला आहे, त्याला सवड होईपर्यंत देव उभा आहे. लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात एका बापाची गोष्ट आहे. धाकटा मुलगा वाटणी घेऊन परदेशी जातो, सारे उधळतो आणि अखेर लाजत घरी परततो. तो अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावत सुटतो. दूरवरचा मुलगा त्याला दिसला, याचा अर्थ त्याची नजर रस्त्यावर होती. विटेवरचा देव आणि रस्त्याकडे डोळे लावून बसलेला तो बाप यांत सिद्धान्ताचे अंतर मोठे आहे, ते आम्ही पुसू इच्छित नाही. पण धीर हा प्रथम देवाचा गुण आहे आणि माणूस तो त्याच्यापासून शिकतो, ही गोष्ट कळण्यासाठी मराठी मनाला फार लांबचा प्रवास करावा लागत नाही, एवढे खरे.

ताटातूट संपून लक्ष्मीबाई नगरला (आजच्या अहिल्यानगरला) टिळकांकडे गेल्या, तेव्हा त्या हिंदूच होत्या. त्यांचे सोवळे, त्यांचा वेगळा स्वयंपाक यांसह त्या गेल्या. टिळकांनी ते चालू दिले. हा तपशील विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. ज्या माणसाने धर्मांतरासारखा निर्णय पत्नीला न विचारता घेतला, तोच माणूस तिच्या धर्मांतराची मात्र घाई करत नाही. हेच त्याचेही शिकणे. पुढे लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जातिभेद गळून पडला. कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांना चालू लागले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. श्रद्धेचा उच्चार नंतर आला. माणसाला माणूस म्हणून जवळ करणे आधी आले. वाट पाहण्याच्या काळात आतल्या आत जे पिकत होते, त्याचे ते फळ होते. कोणी हात धरून ओढले असते, तर कदाचित ते कच्चेच राहिले असते.

येथवर सारे गोड आहे. परंतु टिळकांच्या संसारात श्रद्धेचा प्रश्न खरा अवघड होतो तो पुढेच. डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता न करण्याची शिकवण आहे, आणि टिळक ती अक्षरशः पाळत. हाती आलेला पैसा पहिल्या गरजूच्या हाती जाई. कोणीही पाहुणा, कोणतेही अनाथ मूल घरात येई. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, पगाराचा आधार टाकून दिला आणि 'देवाचा दरबार' उभारण्यास निघाले. मिशनच्या चौकटीत न मावणारा, भारतीय वळणाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांच्या डोळ्यांपुढे होता. कवीला आणि संताला शोभेल असेच हे धाडस होते. त्यांच्या चरित्रात हा प्रसंग सहसा विश्वासाची कमाल म्हणून येतो.

पण चूल कोणाच्या हाती होती? देव पुरवील, असे म्हणून टिळक बाहेर पडले, की आलेल्या माणसांच्या पानात काय वाढायचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे राही. एकाच घरात विश्वासाचे दोन प्रकार नांदत होते. एक उडी घेणारा, दुसरा त्या उडीचा जमाखर्च सांभाळणारा. पहिल्याचे पोवाडे होतात. दुसऱ्याला आपण 'साथ' म्हणतो, 'सहधर्मचारिणी' म्हणतो आणि मोकळे होतो. आमच्या मते या घरातील अवघड विश्वास दुसराच होता. देव पुरवील असे म्हणणे सोपे. त्याने अजून पुरवलेले नाही, अशा संध्याकाळी घर चालवणे कठीण. ग्रीकमधल्या त्या दोन शब्दांत सांगायचे तर टिळकांपाशी हुपोमोने भरपूर होती. नोकरी, जात, मानमरातब यांच्या हानीखाली ते टिकून राहिले. माक्रोथुमिया मात्र त्यांच्यापाशी कमी होती. ते शीघ्रकोपी होते, आणि त्या कोपाची झळ कोणाला लागे ते लक्ष्मीबाईंनी लपवलेले नाही. त्यांच्यापाशी दोन्ही गुण होते, आणि दोन्ही त्यांना शिकावे लागले होते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वर्गात हा आक्षेप आम्ही ऐकला आहे आणि त्याने आम्हांस निरुत्तरही केले आहे. आक्षेप असा : ज्याला तुम्ही धीर म्हणता, ती बाईची गुलामगिरीच नव्हे काय? न विचारता धर्म बदलणारा, रागावणारा, घरातला पैसा वाटून टाकणारा नवरा जिने सोसला, तिच्या सोसण्याला देवाचे नाव देऊन तुम्ही तिच्या बेडीला सोन्याचा मुलामा देत आहात. बाईला 'सोस' म्हणायला धर्म लागतच होते. त्यांत एकाची भर पडली, इतकेच.

आक्षेप खोटा नाही. पीडितांना धीराचा उपदेश करण्याचे काम जगातल्या बहुतेक धर्मांनी केले आहे, ख्रिस्ती धर्मानेही केले आहे. ज्याच्या हाती अन्याय थांबवण्याचे बळ आहे, त्याने अन्याय सोसणाऱ्याला धीर धरावयास सांगावे, याहून मोठा दांभिकपणा नाही. म्हणूनच धीर आणि सोशिकपणा यांत रेघ ओढणे भाग आहे. आमच्या मते ती रेघ अशी : सोशिकपणा गप्प असतो, धीर बोलतो. सोशीक माणूस घडलेला अन्याय झाकतो; कित्येकदा तो स्वतःपासूनही झाकतो. धीराचा माणूस अन्यायाला अन्याय म्हणतो, त्याचे नाव घेतो, देवापुढे त्याची फिर्याद मांडतो, आणि तरीही ज्याच्यापुढे फिर्याद मांडली त्याला सोडून जात नाही.

बायबलमध्येच याचे दाखले आहेत. याकोबाच्या पत्रात ईयोबाच्या धीराची वाखाणणी आहे, आणि तेव्हापासून ईयोब हा धीराचा पुतळा मानला गेला. परंतु ईयोबाचा ग्रंथ उघडून पाहावा. पहिले दोन अध्याय सोडले तर हा माणूस मुळीच गप्प नाही. आपल्या जन्माच्या दिवसाला तो शाप देतो, समाधान करायला आलेल्या मित्रांना फटकारतो, प्रत्यक्ष देवाने समोर येऊन जाब द्यावा अशी मागणी करतो. शेवटी देव रागावतो तो उपदेश करणाऱ्या त्या मित्रांवर. लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवेची गोष्टही अशीच. न्याय न देणाऱ्या न्यायाधीशाकडे ती पुन्हा पुन्हा जाते, त्याला सळो की पळो करून सोडते आणि न्याय मिळवते. येशू ही गोष्ट सांगतो ती प्रार्थनेत खचू नये म्हणून. धीर म्हणजे हात जोडून बसणे अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ही तगादा लावणारी बाई डोळ्यांपुढे आणावी.

या कसोटीवर लक्ष्मीबाई कोठे उभ्या राहतात? आमच्या मते त्यांचा सारा ग्रंथच या प्रश्नाचे उत्तर आहे. टिळकांचे वेंधळेपण, त्यांचा संताप, त्यांच्या उदारपणाने घराची झालेली ओढाताण, यांतले काहीही त्यांनी झाकलेले नाही. पती गेल्यानंतर, तो कवी आणि संत म्हणून मान्यता पावल्यानंतर त्या हे लिहितात. सोशीक स्त्रीने पतीची मूर्ती घडवली असती. लक्ष्मीबाईंनी माणूस घडवला, आणि त्या माणसावर हसण्याचा आपला हक्क राखून ठेवला. हे हसणे सूडाचे नाही, लाचारीचेही नाही. ज्याला शेवट आपल्या हाती नाही हे कळले आहे, पण तो कोणाच्या तरी हाती आहे असा भरवसा आहे, त्यालाच असे हसता येते. भरवसा नसता तर हेच प्रसंग कडवट झाले असते, आणि त्या कडवटपणालाही कोणी दोष देऊ शकले नसते. विनोद ही त्यांच्या धीराची बोलण्याची रीत आहे, असे जे आम्ही प्रारंभी म्हटले, त्याचा अर्थ हा.

आक्षेपाचा एक अंश तरीही उरतो, आणि तो उरू द्यावा. लक्ष्मीबाईंना हे सारे सोसावे लागायला नको होते. त्यांच्या धीराचे मोल मान्य करताना ज्याने तो खर्ची घातला त्याला आपोआप माफी मिळत नाही. शिक्षकांनी हे दोन्ही एका श्वासात सांगितले पाहिजे, नाहीतर विद्यार्थिनींना आपण नकळत सोशिकपणाच शिकवू.

याच रेघेवर दुसरे एक मराठी जीवन तपासून पाहावे, म्हणजे आमचे म्हणणे एका बाईच्या स्वभावापुरते नाही हे ध्यानात येईल. पंडिता रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे व्युत्पन्न पंडित. कुटुंब गावोगाव पुराणे सांगत फिरे. १८७० नंतरच्या दुष्काळात जप, उपास, दानधर्म सारे करूनही देव प्रसन्न झाला नाही; आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली. वाट पाहून हाती मृत्यू आला, असा अनुभव ज्या मुलीने घेतला तिला पुढे कोणत्याही देवावर भिस्त टाकणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करावी. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे जावी लागली, असे त्यांनी १९०७ सालच्या आपल्या इंग्रजी साक्षीत स्पष्ट सांगितले आहे. बाप्तिस्मा घेतला की विश्वास आला, असा हिशेब त्यांनी केला नाही. त्याही वाट पाहत होत्या.

शिवाय ही वाट मुकाट्याने पाहिलेली नव्हती. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात चर्चच्या अधिकारापुढे मान तुकवण्यास त्यांनी नकार दिल्याचे दिसते. देवावरील विश्वास आणि धर्मसंस्थेची आज्ञाधारकता या दोहोंना त्यांनी एक मानले नाही. आम्ही ज्याला धीराचे बोलणे म्हणतो ते हेच. आणि हीच बाई केडगावच्या 'मुक्ती'त दुष्काळात वाचलेल्या मुलींना आणि विधवांना आसरा देते, आणि उतारवयात सुमारे अठरा वर्षे एकाच कामाला चिकटून राहते. ते काम म्हणजे मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठीत बायबलचे भाषांतर. मिशनऱ्यांची मराठी भाषांतरे होतीच. पण त्यांची संस्कृतप्रचुर भाषा आपल्या अल्पशिक्षित मुलींना कळणार नाही, म्हणून हा सारा खटाटोप. भाषांतर 'मुक्ती'च्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले जात होते. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. भाषांतर तोवर पुरे झाले होते. ग्रंथ मात्र त्यांच्या पश्चात, १९२४ साली प्रसिद्ध झाला. विश्वासाची व्याख्या शोधणाऱ्याला आम्ही या अठरा वर्षांकडे बोट दाखवू. आपण जे पेरतो त्याचे पीक आपल्याला दिसणार नाही हे जाणूनही ओळीमागून ओळ तपासत राहणे, हा धीर सोशिकपणाहून किती निराळा आहे ते सांगावयास नको.

धीर शिकवू पाहणारे ख्रिस्ती वाङ्मय मराठीत याहून जुने आहे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. विधवांच्या स्थितीकडे इतक्या कळकळीने पाहणारी ती कृती ऐतिहासिक दृष्ट्या मोलाची आहे, यात शंका नाही. तरी तिच्यातील श्रद्धा आणि 'स्मृतिचित्रे'तील श्रद्धा यांची तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करावी. 'यमुनापर्यटन'मध्ये प्रश्नाचे उत्तर लेखकापाशी आधीच तयार असते आणि पात्रे चालत त्याच्यापर्यंत पोहोचतात. लक्ष्मीबाईंपाशी उत्तर तयार नसते. त्या जगत जातात आणि मागे वळून पाहताना त्यांना दिसते, की आपण एकट्या नव्हतो. बोधपर वाङ्मय आणि अनुभवाचे वाङ्मय यांतला भेद सांगणारी याहून चांगली जोडी अध्यापकाला क्वचितच मिळेल. श्रद्धेमुळे साहित्य बोधपर होते, हा आपला समजही या तुलनेने दूर व्हावा. साहित्य बोधपर होते ते घाईने. उत्तर लवकर देण्याच्या हव्यासाने.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यानंतर लक्ष्मीबाई जवळजवळ सतरा वर्षे जगल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. या वर्षांत त्यांनी दोन मोठी कामे केली. एक 'स्मृतिचित्रे'. दुसरे 'ख्रिस्तायन'. ख्रिस्तचरित्रावरील या महाकाव्याचे मोजकेच अध्याय टिळकांच्या हातून झाले होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा तो पाहायला त्या नव्हत्या. शाळेचे तोंड न पाहिलेली, लग्नानंतर अक्षरे गिरवलेली स्त्री, नामवंत कवीने अर्ध्यावर टाकलेले महाकाव्य हाती घेते आणि म्हातारपणी ते तडीस नेते. काव्य म्हणून दोघांच्या भागांत डावेउजवे करता येईल, आणि समीक्षकांनी ते करावे. पण या प्रसंगी आमची नजर दुसरीकडे जाते. ज्याच्या उड्यांचा जमाखर्च तिने जन्मभर सांभाळला, त्याची शेवटची अपुरी उडीही तिनेच पुरी केली. या वेळी मात्र तिच्यावर कोणाची सक्ती नव्हती. हे तिने आपखुशीने घेतलेले ओझे होते. सोशिकपणा लादलेल्या ओझ्याखाली वाकतो. धीर असे ओझे स्वतः उचलूही शकतो.

तेव्हा 'स्मृतिचित्रे' शिकवताना आमची सूचना एवढीच आहे. त्या पाच मुद्द्यांत सहावा वाढवू नये. तसे केल्यास 'लेखिकेची ईश्वरनिष्ठा' नावाचा आणखी एक परिच्छेद तेवढा तयार होईल. त्याऐवजी जेथे जेथे हसू येते तेथे थांबून विद्यार्थ्यांना विचारावे : हे घडत होते तेव्हा बाई हसत होत्या का? बहुतेक ठिकाणी उत्तर 'नाही' असे येईल. मग पुढचा प्रश्न विचारावा : त्या दिवसापासून या हसण्यापर्यंत त्या कशाच्या आधाराने आल्या? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाच्या ज्या पानांवर आहे, ती पाने आपण आजवर भरभर उलटत आलो आहोत. एकदा ती सावकाश वाचावीत.